‘आजी, कोर्टाला कळेल!’

प्रश्न : माझी नात हवामानबदलाच्या आंदोलनात असते. तिच्या गटाचं आता महामार्ग अडवायचं घाटतंय. मी ओरडले तर म्हणते, ‘आजी, आम्ही स्वतःसाठी थोडंच करतोय? कोर्टाला कळेल.’ खरंच कळतं का हो, वकीलबाई?
– एक आजी

उत्तर : कळतं, आजी, पण म्हणून सोडतातच असं नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या ब्रिटनमधल्या हवामान आंदोलनाचे कार्यकर्ते लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावरच्या कमानींवर चढले. चार दिवस वाहतुकीचा खेळखंडोबा. जुलै २०२४मध्ये पाच जणांना शिक्षा झाली, ती त्याचा बेत आखल्याबद्दल, आणि पुरावा होता एक झूम कॉल! त्यांतल्या रॉजर हॅलमला ५ वर्षं, बाकी चौघांना ४. अपिलात पाचही जणांची शिक्षा घटली, हॅलमची एका वर्षाने. मला तरीही ती शिक्षा जबरच वाटते. नातीला एवढं नक्की सांगा की गटातलं बोलणंही पुरावा ठरतं.

पण याच ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये शस्त्रप्रदर्शनाकडे जाणारा रस्ता अडवणाऱ्यांची खालच्या कोर्टातली निर्दोष सुटका पुन्हा बहाल केली होती. रस्ता दीडेक तासच अडला होता, एकच बाजू बंद होती, दुसरी वाट मोकळी होती. म्हणजे हेतूपेक्षा कुणाचं किती वेळ अडलं, याचा हिशेब मोठा. अडकलेल्या गाडीतल्या माणसालाही हक्क असतातच ना!

आता खास तुमच्यासाठी. स्वित्झर्लंडमधल्या ज्येष्ठ बायकांची एक संघटना आहे, दोन हजारांवर सभासद, सरासरी वय ७३. उष्णतेच्या लाटांचा जीवघेणा त्रास आम्हालाच जास्त होतो आणि सरकार पुरेसं काही करत नाही, म्हणून त्या आधी देशातल्या कोर्टांत आणि मग स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. ९ एप्रिल २०२४ला १७पैकी १६ न्यायाधीशांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं : खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झालाय. गंमत म्हणजे चार आज्यांनी स्वतःच्या नावाने केलेले अर्ज मात्र टिकले नाहीत, टिकला तो संघटनेचा. एकेकटीला इतरांपेक्षा वेगळी झळ बसल्याचं दाखवता आलं नाही. पोर्तुगालच्या तरुणांचा हवामानबदलाबद्दलचाच अर्ज तर याच न्यायालयाने त्याच दिवशी फेटाळला, आधी आपल्या देशातल्या कोर्टात गेला नाहीत म्हणून.

नातीला रागवू नका. रुग्णवाहिका आली तर वाट कोण करून देणार, एवढं ठरलंय का ते विचारा. आणि तुमच्या वयाच्या मैत्रिणी किती आहेत, तेही मोजून ठेवा.