गोठलेल्या बागा, विकतची द्राक्षं : वाचकांचे प्रश्न

कॅनडातल्या ओकानागन खोऱ्याच्या वाइनबद्दल तिथल्या मराठी वाचकांकडून तेच तेच प्रश्न येताहेत, थंडीबद्दलचा एक निफाडहूनही आलाय, म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

2024च्या बाटलीवर 'वॉशिंग्टनची द्राक्षं' लिहिलंय. ही भेसळ का? (सरे)

नाही. 2024च्या जानेवारीत ब्रिटिश कोलंबियातल्या या खोऱ्यात पारा उणे 25च्या आसपास गेला आणि त्या हंगामाचं जवळजवळ सगळं पीक गेलं. एरवी तिथल्या बागवाल्या वाइनरींना प्रांतातलीच द्राक्षं वापरावी लागतात. जुलैत सरकारने त्या हंगामापुरती बाहेरून, म्हणजे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यासारख्या ठिकाणांहूनही, द्राक्षं आणि रस आणायची मुभा दिली.

जानेवारीत वेलीवर घडच नसतात, मग पीक गेलं कसं?

घड डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या झोपलेल्या कळीत, असतो. काडीवरचा डोळा ब्लेडने आडवा कापा. जिवंत असेल तर आत हिरवा दिसतो, मेला असेल तर तपकिरी. शेजारचे दुय्यम डोळे फुटले तरी माल कमीच येतो. जिथे खोडच मेलं, तिथे नवी लागवड आणि तीनेक वर्षांची वाट.

चव तीच लागेल?

नाही.

दुकानदार म्हणतो, वाइनरी ओकानागनची म्हणजे वाइनही तिथलीच.

दुकानदाराचं ऐकू नका, बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. बाग गोठली म्हणून द्राक्षं विकत घेणं यात काहीच गैर नाही. त्यामुळे टाक्या भरल्या, माणसांना काम राहिलं. पण पुढे ओकानागन तळ्याचं मोठं चित्र आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात द्राक्षांचं गाव, हे मला सहन होत नाही. आयात वाइन मिसळलेल्या बाटल्यांवर तिथे वर्षानुवर्षं 'सेलर्ड इन कॅनडा' छापलं जायचं आणि गिऱ्हाईक ती कॅनडाचीच समजायचं. 2018मध्ये ते शब्द गेले आणि आयात व देशी वाइनचं मिश्रण असं सरळ लिहावं लागलं. ज्याने 2024साठी वेगळं लेबल काढून द्राक्षं कुठली ते पुढेच सांगितलं, त्याची बाटली खुशाल घ्या. 'बीसी व्हीक्यूए' हा ब्रिटिश कोलंबियाच्या वाइनचा शिक्का असेल तर द्राक्षं प्रांतातलीच. शिक्का नाही म्हणजे बाहेरचीच, असंही नव्हे. पेटी घेण्याआधी वाइनरीला विचारा.

थंडीत बागेत टायर जाळून धूर करावा, असं ऐकलं. करू का? (निफाड)

टायर मुळीच नको. ओकानागनची थंडी उत्तरेकडून आलेल्या गार हवेची होती, ती शेकोटीने अडली नसती. निफाडची वेगळी : आभाळ निरभ्र, वारा पडलेला, पहाटे पानावर दव गोठतं. तिथे कामाला येते ती ऊब आणि पहाटे सोडलेलं पाणी. काळा धूर नव्हे. पाणी किती आणि कधी, हे घडाच्या अवस्थेवर ठरतं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा, आणि थंडीचा अंदाज आला त्याच दिवशी विचारा. दव गोठल्यावर आलेल्या फोनला माझ्याकडेही उत्तर नसतं.