गिझर खालून गळतोय: 'टाकी फुटली' म्हणणाऱ्याला आधी झाकण उघडायला लावा

भाऊ, १५ लिटरचा गिझर, बोरचं पाणी, चार वर्षांत खालून टपटप, आणि मेकॅनिक म्हणतो 'टाकी फुटली, नवीन घ्या'. खालचं झाकण न उघडता जो हे सांगतो, त्याला चहा पाजून रवाना करा.

आधी सगळं कोरडं पुसून गळतं कुठून ते पाहा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून (गार पाणी आत येतं त्या नळीवरचा, छोटी लिव्हर असलेला) आणि फक्त पाणी तापतानाच थेंब येत असेल तर तो बिघाड नाहीच. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की पेलाभर, म्हणजे सव्वादोनशे मिलीच्या आसपास फुगतं. व्हॉल्व्ह ते मागे जाऊ देत नाही, बाहेर सोडतो. त्या भोकाला एम-सील लावणारे महाभाग आहेत. तसं केलं की भिंतीवर बॉम्ब टांगलाच समजा. गार असतानाही गळत असेल तर आत क्षाराचा कण अडकलाय. लिव्हर चार वेळा उचला, नाही थांबलं तर व्हॉल्व्ह बदला. 'प्रेशर जास्त आहे' हे कारण ऐकून घेऊ नका. स्लॅबवरच्या टाकीचं प्रेशर अर्धा बारही भरत नाही, व्हॉल्व्ह सहसा ८ बारचा असतो.

गंजाचं तांबूस पाणी पत्र्याच्या सांध्यातून झिरपत असेल तर मात्र टाकी गेली. वेल्डिंगच्या नादी लागू नका, आतलं इनॅमल, म्हणजे टाकीच्या आतला काचेसारखा लेप, जळतं.

उरली फ्लँज, म्हणजे कॉइल बसवलेली खालची गोल चकती. बहुतेक वेळा गळतं ते हिच्या गॅसकेटमधून, म्हणजे सांध्यातल्या रबरी चकतीतून. नुसतं बटण नाही, एमसीबी पाडा आणि टेस्टर लावून खात्री करा. गावात कुठली वायर कुठून आणलेली असते, नेम नाही. पाणी गार होऊ द्या, गिझरला येणारं पाणी बंद करा. गरम पाण्याचा नळ उघडून टाकी रिकामी होत नाही, कारण तो पाइप आत वरपर्यंत गेलेला असतो; नळ उघडायचा तो हवा आत यायला. पाणी खालच्या इनलेटमधून, म्हणजे गार पाणी आत येण्याच्या वाटेनं, सेफ्टी व्हॉल्व्हची लिव्हर उचलून बादलीत काढा. वायरींचा फोटो घ्या, मग नट सोडा.

गळतं म्हणून नट आणखी आवळायचे, ही नेहमीची चूक. जुन्या गॅसकेटवर आवळून गळती थांबत नाही, उलट स्टड (नट बसतो तो दांडा) तुटतो नाहीतर इनॅमलचा टवका उडतो. गॅसकेटची जागा क्षार खरवडून गुळगुळीत करा, गॅसकेट नवंच टाका, सिलिकॉन फासू नका. नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. कॉइल लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून दोन-तीन तास बुडवा, टर्मिनल पाण्याबाहेर ठेवून. संडास धुवायचं ॲसिड बिलकूल नको.

आता खरी गोष्ट. कॉइलशेजारी मॅग्नेशियमचा रॉड असतो, ॲनोड. गंज टाकीऐवजी त्याला खातो. तो झिजून नुसती तार उरली की पाळी टाकीची. इथल्या एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं दोनदा गॅसकेटचे पैसे घेतले, रॉडचं नाव काढलं नाही. पुढच्या हिवाळ्यात टाकीच गेली. वर उत्तर काय, तर 'तुमचं पाणीच खराब'. अरे बाप्पा, पाणी खराब आहे म्हणूनच तर रॉड असतो ना! अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात असाल तर दर वर्षी उघडून बघा. खारट पाण्यात तो लवकर संपतो. दुकानात जाताना जुना रॉड सोबत न्या, आटे वेगवेगळे येतात.

वॉरंटी शिल्लक असेल तर यातलं काहीच स्वतः करू नका, कार्ड आधी वाचा. आणि विजेच्या कामात हात बसलेला नसेल तर वायरमनला शेजारी उभा करा.

जोडून झालं की आधी पाणी भरा, गरम नळाची धार सलग झाली की मगच एमसीबी. रिकाम्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते. मल्टिमीटर असेल तर २ किलोवॉटच्या कॉइलचा रेझिस्टन्स २६ ओहमच्या जवळपास यायला हवा. टर्मिनल आणि कॉइलच्या नळीमध्ये मात्र काहीच दाखवायला नको, दाखवलं तर कॉइल फेका. शेवटी खाली जुना पेपर अंथरून रात्रभर ठेवा. सकाळी ओला दिसला तर पेपर कुठे भिजलाय ते बघून त्याच बाजूचा नट पाव फेरा आवळा, त्याहून जास्त नाही.