‘रमलखुणा’ सध्या बाजूला ठेवा, आधी लंपनला भेटा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव खानापूरजवळचं, शाळा कन्नड माध्यमाची, घरात मराठी. ‘स्वामी’ आणि ‘मृत्युंजय’ वाचून झालीत, आता राजेरजवाडे आणि पुराणातली माणसं नकोत, चांगल्या साहित्यिक कथा पाहिजेत. जी. ए. कुलकर्णींचं नाव ऐकून ‘रमलखुणा’ आणलं, पण ते पुढं सरकेना. शिवाय आईचे डोळे अधू झालेत, रात्री तिला वाचून दाखवता येईल असंही काहीतरी हवंय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की ‘कन्नड शाळेत शिकल्यामुळं माझं मराठी कच्चं राहिलं, म्हणून कळत नसेल.’

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते मला पटलेलं नाही. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. तुमच्यासारखे वाचक रोज यायचे. मराठी कथेतलं काही उत्तमातलं उत्तम लेखन ज्यांनी केलं, त्यांतल्या कितीतरी जणांचे कान आपल्याच भागात तयार झाले. एका कानात मराठी आणि दुसऱ्या कानात कन्नड घेऊन ते वाढले. पुण्यातल्या वाचकाला त्यांच्या गोष्टीत जे परकं वाटतं, ते तुम्हाला शेजारच्या घरातलं वाटेल. तुमची अडचण मराठीची नाही. चुकीच्या पुस्तकापासून सुरुवात झाली, एवढंच.

‘रमलखुणा’ 1975 चं. त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ अशा दोनच दीर्घ कथा आहेत, आणि दोन्ही कुठल्या गावात, कुठल्या काळात घडतात ते सांगता येत नाही. जी. ए. पंधरा-वीस वर्षं कथा लिहून जिथं पोचले, तिथून तुम्ही सुरुवात केलीत. त्यांच्या मुक्कामाला आपण एकदम पोचू शकत नाही, त्यांच्याबरोबर चालत जावं लागतं. ते पुस्तक परत करू नका म्हणणार नाही, खुशाल परत करा. वर्षभरानं पुन्हा घ्या.

पहिलं पुस्तक प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. 1994 मध्ये मौजेनं काढलं. संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. कवयित्री इंदिरा संत यांचे ते चिरंजीव, आणि इंदिराबाईंचं घर बेळगावातलं हे तुम्हाला माहीत असेलच. ‘वनवास’मधला लंपन आईवडलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहायला येतो. गोष्टीत गावाचं नाव बेळगाव असं छापलेलं नसेल, पण आपल्याला दोन पानांत कळतं आपण कुठं आहोत ते. त्याच्या वर्गात कणबर्गी गंग्या नावाचा मुलगा आहे. कणबर्गी कुठं आहे ते महाराष्ट्रातल्या वाचकाला शोधावं लागतं, तुम्ही तिथून बसनं गेला असाल. लंपनचं बोलणं, त्यातला कानडी हेल, एकच गोष्ट पुन्हापुन्हा घोळवत सांगायची त्याची सवय, हे सगळं डोळ्यांनी वाचण्यापेक्षा तोंडानं वाचलं की जास्त उमगतं. म्हणून आईसाठीही हेच. मात्र कथा लांब आहेत. एका रात्रीत एक संपवायचा हट्ट धरू नका, दोन-तीन रात्री लागू देत. आईला झोप आली तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीच्या दोन परिच्छेदांपासून पुन्हा सुरू केलं की धागा लागतो.

‘वनवास’नंतर ‘शारदा संगीत’, मग ‘पंखा’, मग ‘झुंबर’, याच क्रमानं वाचा. लंपन मोठा होत जातो आणि गोष्टींमधला हसरेपणा हळूहळू कमी होतो. क्रम मोडला तर ते कळत नाही. पुष्कळ जण हे लहान मुलाचं पुस्तक समजून मुलांना वाढदिवसाला देतात. मुलांनी जरूर वाचावं. पण लंपनला जे दिसतं आणि कळत नाही, ते मोठ्या वाचकाला कळतं, आणि संतांचं सगळं सामर्थ्य या फटीत आहे. आजोबा गप्प का झाले हे मुलगा सांगत नाही, तो फक्त ते गप्प झाले एवढं सांगतो. साहित्यिक कथा म्हणजे काय असं तुम्ही विचारलंय. त्याचं निम्मं उत्तर मी इथंच शोधेन.

आता जी. ए. यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्ही त्यांना इतक्यात सोडून द्यावं असं मला अजिबात वाटत नाही. 1923 साली चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्यात त्यांचा जन्म झाला, शिक्षण बेळगावात. पुढं आयुष्याची उमेदीची वर्षं धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेली. सभा-संमेलनांपासून कायम लांब. ‘काजळमाया’ला 1973 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं, आणि पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाल्यावर त्यांनी ते परत केलं. त्यांच्या सुरुवातीच्या संग्रहांत, म्हणजे ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ यांत, आपल्याकडची गावं आहेत, कानडी नावांची माणसं आहेत, पडके वाडे, कर्ज, आजारपण, मानी आणि हरलेल्या बायका आहेत. इथून सुरुवात करा. यांत अवघड तत्त्वज्ञान कुठं नाही. माणसाच्या वाट्याला जे येतं ते इतकं क्रूर का, एवढा एकच प्रश्न तो लेखक वेगवेगळ्या घरांत शिरून विचारत राहतो.

नंतर ‘पिंगळावेळ’ घ्या आणि त्यातली ‘कैरी’ आधी वाचा. पोरकं मूल मावशीच्या घरी राहायला येतं आणि त्या घरात मावशीचं काय चाललंय ते पाहतं. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढलाय, पण आधी कथा वाचा. संतांच्या लंपननंतर ही कथा वाचली की अंगावर काटा येतो. दोन्हीकडे लहान मूल, दोन्हीकडे आईवडलांवाचूनचं घर, जवळजवळ तोच मुलूख, आणि एका लेखकाच्या हातात तिथं ऊब आहे तर दुसऱ्याच्या हातात ऊब मिळून हिरावली जाते. हे दोन संग्रह पाठोपाठ वाचण्याचा आग्रह मी म्हणूनच धरते.

‘कैरी’ झाल्यावर ‘काजळमाया’. त्यातली ‘विदूषक’ दोनदा वाचावी लागेल, ती बुद्धीच्या खेळाची कथा आहे. आणि मग ‘रमलखुणा’. तोपर्यंत ‘इस्किलार’ आपल्या आपण उघडेल. एक सूचना मात्र मनापासून करते: आईला रात्री झोपताना जी. ए. वाचून दाखवू नका. त्या कथा सकाळी, जाग असताना, एकट्यानं वाचायच्या. दोन कथांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या. सलग संग्रह संपवणारे वाचक मी पाहिलेत. शेवटी त्यांच्या मनात नुसता अंधार उरतो, वेगवेगळी माणसं उरत नाहीत. आईसाठी त्यांचं ‘माणसे अरभाट आणि चिल्लर’ चालेल, त्यात लहानपणच्या माणसांची चित्रं आहेत आणि त्यांचा हात तिथं बराच मऊ आहे.

कमल देसाई हे नाव तुमच्या यादीत नाही. बहुतेकांच्या नसतं, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. हुक्केरी तालुक्यातल्या यमकनमर्डीचा त्यांचा जन्म. हायवेवरनं जाताना आपण त्या गावाची पाटी किती वेळा पाहतो! ‘रंग’ हा त्यांचा कथासंग्रह, आणि ‘काळा सूर्य’ व ‘हॅट घालणारी बाई’ या दोन दीर्घ कथा एका पुस्तकात आहेत. एकटी राहणारी, नोकरी करणारी, कुणाची बायको किंवा कुणाची आई म्हणून ओळख नको असलेली बाई त्यांनी मराठीत आणली, आणि तिला कुणाच्या दयेवर सोडलं नाही. देव, धर्म, घर, पुरुष यांच्याशी तिचं भांडण उघड आहे. ‘काळा सूर्य’ वाचायला सोपी नाही. वाक्य कधी तुटतं, काळ मागंपुढं होतो. त्यामुळं आधी ‘रंग’. सीमाभागातल्या मुलींनी तर हे पुस्तक मागून मागून वाचावं.

निपाणीचे महादेव मोरे 2024 मध्ये गेले. मोटारींच्या धंद्यात, मग पिठाच्या गिरणीत काम करत त्यांनी आयुष्यभर लिहिलं. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, ड्रायव्हर, गॅरेजवरची पोरं, बाजारातली फाटकी माणसं. पुस्तकातली भाषा तीच, जी निपाणीच्या स्टँडवर ऐकू येते. ‘एकोणिसावी जात’ ही कादंबरी मिळाली तर सोडू नका. कथासंग्रह दुकानात मिळणं कठीण, जुन्या वाचनालयांत विचारावं लागेल. कथेत कारागिरी कमी आणि जगणं जास्त आहे, असं काही जण म्हणतात. मला ते बोलणं अर्धंच खरं वाटतं. राबणाऱ्या माणसाच्या दिवसाचा हिशेब इतका चोख मांडायला कारागिरी लागतेच.

तुम्ही सौंदत्तीच्या जत्रेचा उल्लेख केलाय, म्हणून राजन गवस. यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी आणि जोगते यांच्यावरच्या त्यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या. गडहिंग्लजच्या बाजूची बोली आहे, तुम्हाला अडणार नाही. त्याच विषयावर चारुता सागर यांची ‘दर्शन’ नावाची कथा आहे. या तिन्हींवर मिळून 2009 चा ‘जोगवा’ चित्रपट झाला. चित्रपट पाहिला असला तरी कथा वाचा. चारुता सागर फार थोडं लिहून गेले, पण ‘नागीण’ हा त्यांचा संग्रह ज्यानं वाचला तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहत नाही.

रणजित देसाई तुमच्या मनात ‘स्वामी’चे लेखक म्हणून बसलेत. कोवाडचा हा माणूस त्याआधी आपल्या रानाची गोष्ट सांगत होता. ‘बारी’ वाचा, बेरड समाजाची कादंबरी आहे. आईला ही आवडेल, गोष्ट पुढं पुढं ओढत नेते.

आता कन्नडबद्दल. कन्नड शाळेत शिकलात हे तुम्ही उणं म्हणून सांगितलंत, पण उमा कुलकर्णींचे अनुवाद आम्ही बाकीचे मराठी वाचक हातात घेऊन बसतो, तेव्हा तुम्ही मूळ पुस्तक उघडू शकता. त्यांनी आणलेला भैरप्पांचा ‘वंशवृक्ष’ मराठीतही सुरेखच आहे. पण विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ तुम्ही कन्नडमधूनच वाचा. छोटी आहे, दोन बैठकांत होते. हातात पैसा आल्यावर एक कुटुंब आतून कसं बदलत जातं, ते एकही मोठा शब्द न वापरता सांगितलंय. आणि बानू मुश्ताक. त्यांच्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला, ‘हार्ट लॅम्प’ला, 2025 चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा सगळ्यांनी इंग्रजी पुस्तक मागवलं. मूळ कथा कन्नड आहेत, त्या तुमच्या आवाक्यात आहेत. मुसलमान घरांतल्या बायकांच्या त्या गोष्टी आहेत. कमल देसाईंच्या शेजारी ठेवून वाचल्यात तर दोघींचं बोलणं एकमेकींना भेटतं.

आजच्या लेखकांबद्दल विचारलंत. किरण गुरव (‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’), आसाराम लोमटे (‘आलोक’), जयंत पवार (‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’). तिघांच्याही या कथासंग्रहांना साहित्य अकादमी मिळालंय. आधी गुरव घ्या, ते आपल्या शेजारच्या कोल्हापूरकडचे. पवारांची गिरणगावची मुंबई तुम्हाला लांबची वाटेल, तरी वाचा. पुढं कुणाला वाचायचं ते दिवाळी अंकांवरनं ठरवा. नवी कथा आधी तिथंच छापून येते, संग्रह नंतर निघतो. बहुतेक वाचनालयांत दिवाळीनंतर वेगळी वर्गणी भरून अंक महिनोन्महिने फिरवून मिळतात. एखाद्या लेखकाची एक कथा आवडली की मगच त्याचा संग्रह विकत घ्यायचा, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

पुस्तकं कुठं मिळतील? ‘वनवास’ आणि जी. ए. यांचे संग्रह विकत मिळतात, हे घरात असावेतच. बाकीच्यांसाठी बेळगावचं सार्वजनिक वाचनालय आहे, 1848 पासूनचं. खानापूरहून येणं-जाणं आहेच तर सभासद व्हा. कपाटातलं दिसलं नाही तर टेबलावरच्या माणसाला लेखकाचं नाव सांगून विचारा, जुनी पुस्तकं पुष्कळदा आतल्या खोलीत असतात. जानेवारीच्या सुमाराला कडोलीसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात. महादेव मोरे तिथं शोधा.

आधी फक्त ‘वनवास’ आणा, बाकी यादी नंतर. पहिली कथा आईला वाचून दाखवा आणि ती कुठं हसली, कुठं तिनं थांबवून तुम्हाला काही विचारलं, ते इथं कळवा. त्यावरून तिच्यासाठी पुढचं पुस्तक मी सुचवते.