जाऊबाईंसाठी बाळ ठेवू, की पिशवी साफ करून घेऊ?

पत्र:

अक्का, मी निपाणीजवळच्या गावातली, वय ३१. दोन पोरं, मोठी ८ ची, धाकटा ५ चा, दोन्ही वेळा सिझर. घरीच मशीनवर ब्लाउज शिवते, मिस्टर कागलच्या एमआयडीसीत कामाला. धाकट्याच्या नंतर तांबी बसवलेली, तरी दिवस गेलेत. शेवटची पाळी येऊन ८ आठवडे झाले, घरी किट आणून बघितलं, दोन रेघा. मी मिस्टरांना म्हटलं पिशवी साफ करून येऊ, तर ते सासूबाईंना बोलले आणि तिथनं सगळं फिरलं. थोरल्या जाऊबाईंच्या लग्नाला १२ वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई म्हणायल्यात हे यल्लम्माचं देणं आहे, पाडायचं नाही, हिला द्यायचं, आणि दवाखान्यात हिच्याच नावानं नोंद करायची म्हणजे पुढं कागदाचा त्रास नको. वर असंही म्हणायल्यात की पलीकडं ओळखीचा डॉक्टर आहे, मुलगा की मुलगी ते बघून घेऊ. जाऊबाई काहीच बोलत नाहीत, पण परवा माझ्या हातातली पाण्याची घागर गपकन काढून घेतली, मला रडायलाच आलं. मिस्टर म्हणतात तू म्हणशील तसं, पण आई काय म्हणते बघ. मला परत ते सगळं करायला जमेल असं वाटत नाही. पण नको म्हटलं तर जाऊबाईंच्या तोंडाकडं कसं बघू? नाव छापू नका.

उत्तर:

अगं, सासूबाई आणि जाऊबाई दोघींनाही जरा बाजूला ठेव, आधी तुझ्या तांबीचं बोलू. तांबी आत असताना दिवस गेले तर गर्भ पिशवीच्या बाहेर, नळीत राहिलाय का हे आधी बघावं लागतं. नेहमी तसंच असतं असं नाही, पण असलं तर तिथं ठेवायचं की पाडायचं हा प्रश्नच उरत नाही, नळी फुटली तर जिवावर बेततं. म्हणून याच आठवड्यात सोनोग्राफी. आणि मधल्या दिवसांत एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखलं, खांद्यात कळ आली, चक्कर आली तर सासूबाईंना विचारत बसू नको, रात्र असली तरी १०८ ला फोन लाव. गर्भ पिशवीतच आहे असं दिसलं तरी तांबीचं काय करायचं हे डॉक्टरला ठरवावं लागणार, कारण पुढं न्यायचं म्हटलं आणि ती आतच राहिली तर गर्भ पडायची, इन्फेक्शनची, आधीच डिलिव्हरी व्हायची भीती जास्त. दोरा दिसत असला तर लवकर काढतात. हे सगळं तुझ्या घरात कुणी बोललंय का? पत्रात तर तसं काही नाही, सगळे बाळ कुणाचं यावरच बोलायलेत.

आता मेडिकलमधनं गोळ्यांचं पाकीट आणून घरीच घ्यायचं असा विचार कधी मनात आला असला तर तो काढून टाक. तांबी आत असताना त्या गोळ्या घ्यायच्या नसतात, आणि गर्भ नळीत असला तर त्यांनी काही होत नाही, उगाच वाटतं झालं एकदाचं.

गर्भपाताचं म्हणशील तर भारतात तो कायद्यानं १९७१ पासून होतो, २०२१ ला कायदा बदलला, आणि हा केंद्राचा कायदा आहे, म्हणजे निपाणीत जो तोच कोल्हापुरात. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तांबी फेल गेली हे कारण कायद्यात सरळ धरलेलं आहे, तुला काही खोटं रचून सांगायला नको. गोळ्यांनी ९ आठवड्यांपर्यंत होतं, त्यानंतर १२ पर्यंत साधारण मशीननं ओढून काढतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात. १२ च्या पुढं गेलं की मोठा दवाखाना, जास्त वेळ, जास्त त्रास. तू ८ वर आहेस (आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासनं मोजतात, तारीख नीट आठव). म्हणजे डोक्यावर घेऊन पळायची वेळ नाही, पण श्रावण-गणपती बघून ठरवू म्हणण्याइतकीही नाही.

आणि हे नीट वाच: सही फक्त तुझी लागते. १८ च्या वरच्या बाईला नवऱ्याची सही कायद्यात नाही, सासूची तर नाहीच नाही. दवाखाने मागतात, सवय झालीय त्यांना, उद्या भानगड नको म्हणून मागतात. तुझे मिस्टर आडवे पडणारे दिसत नाहीत, ते सही करत असतील तर वाद घालू नको, करू दे. पण कुणी "सासूला घेऊन या" म्हटलं तर फॉर्म सी वर (गर्भपाताच्या संमतीचा फॉर्म) माझीच संमती लागते एवढं शांतपणे सांगायचं. फॉर्म कन्नडमध्ये असेल, वाचता येत नसेल तर नर्सकडनं वाचून घे, न वाचता अंगठा-सही काही नको. सरकारी दवाखान्यात हे होतं, बेळगावला बीम्स आहे, कोल्हापूरला सीपीआर आहे, गावात बोभाटा नको असेल तर लांब जा, कुणी काही म्हणत नाही. नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आहे.

"पलीकडच्या ओळखीच्या डॉक्टर"चं तर नावच काढू देऊ नको. ८ आठवड्यांत सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळत नाही, म्हणजे त्या नादात तुला अजून महिना-दीड महिना थांबवून ठेवणार आणि सोपी वेळ हातातनं जाणार. १९९४ च्या कायद्यानं पोटातल्या बाळाचं लिंग बघणं गुन्हा आहे, आणि त्यात असं आहे की बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असंच कोर्ट आधी धरून चालतं, म्हणजे अडकणार तुझे मिस्टर आणि सासूबाई, सांग त्यांना. म्हैसाळ काही लांब नाही तुमच्याकडनं. २०१७ ला तिथं एका बाईचा असल्याच दवाखान्यात जीव गेला, मग ओढ्याकाठी खणलं तर पुरलेले १९ गर्भ निघाले. सीमेच्या दोन्ही बाजूच्या माणसांना वाटतं पलीकडं गेलं की कुणी विचारणार नाही.

आता जाऊबाई.

तुझ्या घरात दोन वेगळे प्रश्न एकाच ताटात वाढून ठेवलेत. तुला हे पोट वाढवायचंय का, हा एक. जाऊबाईंना मूल कसं मिळणार, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातनं निघतंय म्हणून सगळे खूश, आणि ज्या बाईच्या पोटावर तिसरं सिझर होणार तिला कुणी विचारलेलं नाही. दोन सिझर झालेल्या बाईचं तिसरं बाळंतपण होतंच नाही असं नव्हे, होतं, पण वार जुन्या टाक्यावर तर बसली नाही ना हे बघत राहावं लागतं, ऑपरेशन ठरलेलं, रक्ताची सोय ठेवून करायचं. वरनं मशीनचं काम किती महिने बंद, ते कोण भरून देणार? हे जाऊबाईंच्या विरोधात म्हणून सांगत नाही. त्यांनी घागर काढून घेतली ना, त्यात नुसती आशाच असेल असं नको धरू, मायाही असेल. पण माया आहे म्हणून देणं लागतं असं काही नसतं.

मी तुला एकच विचारते, त्याचं उत्तर मला नको, स्वतःलाच दे. जाऊबाईंना दोन पोरं असती तर आज तू काय केलं असतंस? पत्रात तू मिस्टरांना पहिल्यांदा काय म्हणालीस ते तूच लिहिलंयस, पिशवी साफ करून येऊ. मग सासूबाई मधे आल्या. पहिलं वाक्य तुझं होतं, बाकीचं सगळं तुझ्यावर येऊन पडलंय असं मला वाचताना वाटलं. चूकही असेन, तुझं तुला माहीत.

आणि समजा, शांतपणे विचार करून तुझ्याच मनानं वाटलं की ठेवायचं आणि द्यायचं, तर तेही वाईट नाही, आपल्याकडं घरातल्या घरात दत्तक किती जुनी गोष्ट आहे. पण मग ते सरळ करायचं. जाऊच्या नावानं तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं सरकारी कार्ड) काढायचं, त्यांच्या आधारवर अॅडमिट व्हायचं, हे खोटं आहे, गुन्हा आहे, आणि उद्या तुला काही झालं तर रक्तगट कुणाचा, आधीची सिझर कुणाची, सगळी फाइल दुसऱ्या बाईची! डिलिव्हरी टेबलावर त्यानं जीव जाऊ शकतो. नोंद तुझ्याच नावानं, जन्माचा दाखला तुमच्याच नावानं. तुम्ही हिंदू असाल तर १९५६ च्या दत्तक कायद्यानं, बाळ जन्मल्यावर, तू आणि मिस्टर दोघांच्या संमतीनं ते हातात द्यायचं, मोठे भाऊजी आणि जाऊबाई दोघांच्या संमतीनं त्यांनी घ्यायचं, आणि वकिलाकडनं दत्तकपत्र करून सब-रजिस्ट्रारकडं नोंदवायचं. एक पैसा मधे येता कामा नये. पोटात असताना "दिलं" म्हटलं ते कायद्यात काहीच नाही, बाळ बघितल्यावर तुझं मन फिरलं तर तू नाही म्हणू शकतेस, आणि हे जाऊबाईंना आजच माहीत पाहिजे. उलट एकदा दत्तक झालं की परत फिरवता येत नाही, कुणालाच.

कागद झाला तरी त्याच घरात राहायचंय तुला. दूध तर येणारच, बाळ बाजूच्या खोलीत रडतंय आणि तुझं पोलकं ओलं होतंय. ते तुला काकू म्हणणार. जाऊबाईंनी अभ्यासावरनं एक धपाटा घातला तर तू मशीनवर मान खाली घालून शिवत बसशील, की उठून जाशील? तुझी मोठी ८ वर्षांची आहे, तिनं आईचं पोट बघितलेलं असणार, ती विचारणार आमचं बाळ थोरल्या आईकडं का झोपतं. आणि गल्लीतल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट फक्त त्या पोराला माहीत नाही असं दहा वर्षं चालवता येत नाही, शाळेत कुणीतरी तोंडावर सांगतंच, म्हणून द्यायचंच झालं तर लहानपणापासनं खरं सांगायचं हे चौघांनी आधीच ठरवायला पाहिजे. काही घरांत हे छान चालतं, दोन आया म्हणून पोर मिरवतं. काही घरांत त्यावरनं चुली वेगळ्या होतात. तुमचं घर कसलं, ते तू ओळखतेस.

बाहेर दत्तक द्यायचाही रस्ता आहे, थोडक्यात सांगते. बेळगावला जिल्ह्याची बाल कल्याण समिती असते, लग्न झालेल्या जोडप्यात दोघांनी तिच्यासमोर सही करून बाळ सोपवायचं, ६० दिवस मन बदलायला मिळतात, नंतर ते कारा या केंद्राच्या यादीतनं लांबच्या कुणाकडं तरी जातं. कुणाला द्यायचं ते आपण ठरवायचं नसतं. तुझ्या घरात हे कुणी मान्य करेल असं वाटत नाही, पण ज्या बाईला पोट वाढवायला चालतं आणि रोज डोळ्यासमोर बघायला चालत नाही तिच्यासाठी ते बरं असतं.

आणि याच यादीत जाऊबाईंना पण नाव घालता येतं की! १२ वर्षांत कुणी सांगितलं नाही का त्यांना? दोघांचं वय मिळून ८५ च्या आत असलं तर दोन वर्षांखालचं बाळ मिळू शकतं. रांग आहे, लवकर नंबर लागत नाही, म्हणूनच आज नाव घालायचं. आणि एक विचारते, राग मानू नको: मोठ्या भाऊजींची तपासणी झालीय का कधी? आपल्याकडं १२ वर्षं बायकोला देवदेव आणि दवाखाने, आणि नवऱ्याची साधी तपासणी राहूनच जाते.

जाऊबाईंशी तूच बोल, सासूबाईंच्या मार्फत नको. दुपारी पोरं शाळेत असताना. "वहिनी, तुमच्यासाठी माझा जीव तुटतो, पण हे मला झेपणार नाही" एवढं पुरे, झेपणार असेल तर तसं सांग. रडतील कदाचित, चार दिवस बोलणार नाहीत. पण त्या गप्प आहेत म्हणजे त्यांना हवंच आहे असं सगळ्यांनी धरून चाललंय, त्यांनाही कुणी विचारलेलं दिसत नाही. तयार पोट बघून घरानं आपल्यालाही गृहीत धरलं असं त्यांना वाटत असेल तर?

पापाचं तू विचारलेलं नाहीस, तरी कुणीतरी काढणार. यल्लम्मा त्यासाठी तुझ्यावर कोपणार असं मला तरी वाटत नाही, बाकी ज्याची त्याची श्रद्धा, मी त्यात पडत नाही.

मिस्टरांना सोनोग्राफीला बरोबर घेऊन जा, सुट्टी काढायला लाव. "तू म्हणशील तसं" म्हणणाऱ्या माणसानं तुझं म्हणणं आपल्या आईला स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं, ते काम तुझं नव्हे. आणि हे सगळं निस्तरलं की परत तांबीच बसवायची का यावर दोघं बोला. पुरुषांची नसबंदी बिनटाक्याची असते, त्याच दिवशी घरी येतात, तुझ्या दोन सिझरपुढं ते काहीच नाही. फक्त तीन महिन्यांनी तपासणी करून डॉक्टर क्लीअर म्हणेपर्यंत कंडोम वापरायचा, नाहीतर परत मला पत्र लिहायला बसशील.

तुझी,
अक्का