'बाकीचे सगळे काहीतरी आहेत, मी नुसती नीट दिलीय'

वैभव (नाव आणि तपशील बदलले आहेत) परभणी जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीनंतर वर्षभर लातूरला रिपीटर बॅच आणि मग 2025 ला आरक्षित जागेवर सरकारी कॉलेजात एमबीबीएस. पहिल्या चाचणीत अ‍ॅनाटॉमीत (शरीररचनेच्या विषयात) नापास झाल्यावर मेंटॉर सरांनी त्याला मदतीसाठी आमच्याकडे पाठवलं.

गुणांपेक्षा त्याच्या डोक्यात नव्या बॅचचा ओळख-कार्यक्रम जास्त होता. कोणी ऑलिम्पियाडच्या शिबिराला जाऊन आलेलं, कोणी राज्य पातळीवर पोहलेलं, एकीचे आई-वडील दोघंही सर्जन. "माझी पाळी आली तेव्हा गावाचं नाव सांगितलं आणि बसलो." पुढे तो म्हणाला, "नीटमध्ये रूममेटचे 552, माझे 452. मी इथं चुकून आलोय."

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरपासून हे वाक्य ऐकू येतं. चुकून मात्र कोणीच येत नाही. सरकारी कॉलेजातल्या 85 टक्के जागा राज्याच्या, 15 टक्के अखिल भारतीय कोट्याच्या, आणि दोन्हीकडे यादी नीटचीच लागते. पोहण्याचं पदक कौतुकाचं खरं, पण ती मुलगीही आत आली ती नीट देऊनच. शिवाय ऑलिम्पियाडचा फॉर्म कुठे मिळतो हे ठाऊक असलेली शाळा प्रत्येक तालुक्यात नसते.

मग शंभर गुणांचा हिशेब मांडला. बरोबर उत्तराला 4, चुकीला उणे 1. म्हणजे चुकलेला एक प्रश्न बरोबर आला असता तर 5 गुणांचा फरक. शंभर गुण म्हणजे 180 पैकी फार तर 20-25 प्रश्न. दोघांनीही ओएमआरची (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेची) प्रत जपून ठेवली होती, त्यामुळे विषयवार गुण काढता आले. बायोलॉजीत वैभव 296, रूममेट 309. केमिस्ट्रीत 85 आणि 101. फिजिक्समध्ये 71 आणि 142, म्हणजे मोठा फरक इथलाच. पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री असते. फिजिक्सचा पेपर नाही. (वेगवेगळ्या वर्षांच्या गुणांची तुलना तर करूच नये. 2024 च्या सुधारित निकालात 17 जणांना पैकीच्या पैकी 720 होते, 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686.)

तरी तो नापास झाला होताच, आणि त्याचं कारण शोधणं जास्त गरजेचं होतं. त्याला ब्रॅकिअल आर्टरीबद्दल (दंडातल्या मुख्य रक्तवाहिनीबद्दल) विचारलं. चार पर्याय दिले तेव्हा उत्तर बरोबर. पर्याय काढून घेतल्यावर गप्प. दोन वर्षं उत्तर 'ओळखण्याचा' सराव झाला होता, इथे ते कोऱ्या कागदावर लिहायचं आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) बोलायचं असतं. नीटमध्ये वरचे असणारेही इथे अडखळतात, फक्त ते सांगत नाहीत. वैभवला आणखी एक अडचण होती: उत्तर मनात मराठीत तयार व्हायचं, आणि इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या रोल नंबरकडे वळायचे.

उपाय साधे ठेवले. प्रत्येक रक्तवाहिनीसाठी एकच क्रम: सुरुवात, मार्ग, शेजारी काय, शाखा, शेवट, रुग्णाच्या संदर्भात उपयोग. ब्रॅकिअल आर्टरी टेरीस मेजर या स्नायूच्या खालच्या कडेपासून सुरू होते, रेडिअस या हाडाच्या मानेपाशी रेडिअल आणि अल्नर या दोन रक्तवाहिन्यांमध्ये विभागते. बीपी मोजताना स्टेथोस्कोप हिच्यावरच ठेवतात. रोज असे दोन विषय पुस्तक मिटून लिहायचे, आकृतीसह, दहा-दहा मिनिटांत. मग तेच रूममेटला इंग्रजीत मोठ्याने सांगायचं. पहिलं वाक्य पाठ असलं तरी चालेल, कारण जीभ तिथेच अडते. समजून घेताना मराठी खुशाल वापरावी. लिहिताना आणि बोलताना इंग्रजी.

एक गोष्ट त्याने उशिरा सांगितली. दोन सीनियर रोज मेसमध्ये "कितीवर लागला? कॅटेगरी कुठली?" विचारून हसायचे. याला चेष्टा म्हणून सोडून देऊ नये. जात, प्रदेश, भाषा किंवा आर्थिक स्थितीवरून मानसिक त्रास देणं यूजीसीच्या नियमांत रॅगिंगच आहे. तक्रार कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीकडे किंवा 1800-180-5522 या हेल्पलाइनवर करता येते. त्याने वॉर्डनना लेखी दिलं, आणि विचारणं थांबलं.

दुसऱ्या चाचणीत तो अ‍ॅनाटॉमीत काठावर पास झाला. लेक्चर हॉलमध्ये अजून हात वर करत नाही, डिसेक्शन टेबलवर मात्र बोलतो. त्याची झोप आणि जेवण ठीक होतं, म्हणून एवढ्यावर भागलं. दोन आठवडे झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला असेल, तर अभ्यासाचं वेळापत्रक बाजूला ठेवावं आणि कॉलेजच्याच मानसोपचार विभागात जावं. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.