अंतिम उत्तर चौकटीत दडवा, शोधसूत्रांच्या भरवशावर ठेवू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. कॉलनीच्या दिवाळी अंकासाठी तुम्ही शब्दकोडं केलंत. पहिल्या चार आडव्या शोधसूत्रांची आद्याक्षरं जोडली की ‘नामदेव’ निघावं, अशी रचना होती. चौकट बऱ्याच जणांनी पूर्ण भरली, पण नामदेव एकालाही भेटले नाहीत, आणि आता समिती म्हणते की कोडं फारच अवघड होतं.

तुम्ही छापील पानाचा फोटो जोडलाय आणि मूळ मजकूरही दिलाय, ते बरं केलंत. तुमचं तिसरं सूत्र होतं ‘देवळापुढचा दगडी दिव्यांचा खांब’. छापलंय ‘मंदिरापुढचा दगडी दिव्यांचा खांब’. उत्तर दोन्हीकडे दीपमाळच, त्यामुळे चौकटीला काही झालं नाही. पण ‘दे’ गेला, ‘मं’ आला, आणि आद्याक्षरं झाली ‘नाममंव’. यातून नामदेव कोण काढणार? तुमचं कोडं अवघड नव्हतं, छपाईला जाताना कुणीतरी ते मोडलं. समितीला हा फोटो आणि मूळ कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

माझ्याबाबतीत हेच झालं होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. एका अंकाच्या कार्यालयाला (नाव घेत नाही) मी असंच कोडं दिलं होतं. सूत्रांना हात लावू नये, अशी चिठ्ठी पहिल्या पानाला टाचलेली होती. पान लावताना मजकूर रकान्यात बसेना, तेव्हा त्यांनी सूत्रं कापली, काहींची शब्दरचना फिरवली आणि प्रूफ न दाखवता छापलं. वाचकांची पत्रं आली ती माझ्या नावावर. उत्तर निघत नाही, कोडंकाराने फसवलं, असं लोकांनी लिहिलं होतं. मी पुढच्या अंकात चार ओळींचा खुलासा छापा म्हणून फोन केले, भेटायला गेलो. उत्तर ठरलेलं: ‘चौकट तर सुटतेय ना? मग चूक कुठाय?’ चौकटीच्या पलीकडे एक उत्तर आहे आणि वाचकाने सुट्टीचे दिवस त्याच्यापायी घालवलेत, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. खुलासा छापला नाही तो नाहीच. वाचकाने वेळ दिला असेल तर त्याला खरं काय ते कळलंच पाहिजे. त्या कार्यालयाने ते नाकारलं, याचा राग मला आजही आहे.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे (इतर कोडंकारांचं वेगळं असू शकतं): सूत्रांच्या शब्दरचनेवर अंतिम उत्तर टांगू नये. सूत्र म्हणजे मजकूर, आणि मजकुराला संपादक, मुद्रितशोधक, पान लावणारा असे सगळे हात लावतात. चौकटीतल्या अक्षराला मात्र कुणी हात लावत नाही, कारण तिथे एक अक्षर बदललं तर आडवा आणि उभा असे दोन शब्द लगेच बोंब मारतात. म्हणून गुपित तिथेच ठेवायचं.

कसं, ते एका उदाहरणाने सांगतो. आडव्या शब्दांत हे चार लांब अंतरावर पसरून ठेवा: सहाण, विचार, आठवण, एकलव्य. वरून खाली याच क्रमाने. यांत काय दडलंय? सहा, चार, आठ, एक. आता त्या क्रमांकांचे आडवे शब्द बघा: ६ शिरा, ४ वसा, ८ नेम, १ रीत. पहिलं अक्षर उचला: शि-व-ने-री. कोड्यावर मथळा द्या ‘मोजदाद’ आणि खाली एकच ओळ: ‘अंतिम उत्तर: एक किल्ला’. सहाण आणि आठवण बघून सोडवणाऱ्याला आकड्यांचा वास येतो, विचारमधला चार सापडला की खात्री पटते, आणि शिवनेरी निघाल्यावर त्याला कुणाला विचारावं लागत नाही. ही ‘विचारावं लागत नाही’ची अवस्था म्हणजे अशा कोड्याचा प्राण. चौथं अक्षर मिळायच्या आत उत्तर ओळखता आलं तरी बिघडत नाही. उलट चारही मिळूनही ‘हेच का?’ असं वाटत राहिलं, तर रचना कच्ची आहे.

यात एक सापळा आहे. चौकटीत इतरत्र पाचर, नवरा, सातत्य असले शब्द आले तर त्यांतही पाच, नव आणि सात आहेत, आणि सोडवणारा प्रामाणिकपणे तेही मोजणार. चौकट भरून झाली की प्रत्येक आडवा-उभा शब्द याच नजरेने वाचून काढा आणि उपरे आकडे हाकला. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

दुसरं, ऱ्हस्व-दीर्घ. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘कवी’त वी, आणि ‘विहीर’ची सुरुवात वि ने. हे दोन्ही एका घरात छेदले तर काय करायचं? रोजच्या कोड्यात लोक चालवून घेतात, मीही घेतो. पण अंतिम उत्तर ज्या घरातून जातं, तिथे अजिबात सवलत नको. शिवनेरीचा ‘शि’ ऱ्हस्व आहे, म्हणून तिथे शिरा चालतो, शीर चालत नाही.

संगणकावर कोडी करणाऱ्यांसाठी जाता जाता: इंग्रजीसाठी केलेली बरीच साधनं घरं मोजताना गोंधळतात. ‘शक्ती’ आपल्याला दोन घरांचा शब्द, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो तिच्यात, नुसत्या ‘क्ती’चे चार तुकडे होतात: क, हलन्त (पाय मोडल्याची खूण), त, वेलांटी. साधन ते चार घरांत टाकू शकतं. मी अजूनही पहिला खर्डा चौकटीच्या वहीत पेन्सिलने करतो. आणि जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मजकूर बदलून घेणार असाल तर ऱ्हस्व वेलांट्या एकेक करून तपासा, त्या हमखास सरकतात.

बक्षिसाबद्दल तुम्ही विचारलंय. मी वकील नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून धरू नका. पण प्रवेश फी घेऊन रोख बक्षीस या वाटेला जायच्या आधी जाणकाराला विचारा. एके काळी आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. एका सूत्राला दोन-दोन शब्द बसायचे आणि ‘बरोबर’ कुठला ते मोहोरबंद पाकिटात आधीच ठरलेलं असायचं. १९५५ च्या केंद्राच्या कायद्याने अशा स्पर्धांची महिन्याची बक्षिसं १,००० रुपयांवर आणि प्रवेशिका २,००० वर रोखल्या. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात असली स्पर्धा जुगार ठरवली. मला तो निकाल कोडंकार म्हणूनही पटतो. पाकीट उघडल्याशिवाय उत्तर कळणार नसेल, तर सोडवणाऱ्याने नुसता अंदाजच बांधायचा.

मोठं रोख बक्षीस नसलं तरी लोक येतात. अमेरिकेत मॅट गॅफनी यांनी २००८ मध्ये दर आठवड्याला असं गुप्त उत्तराचं कोडं द्यायला सुरुवात केली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सोपं, मग चढत चढत अवघड. कॉलनीसाठी हे जमण्यासारखं आहे: फलकावर आधी एक-दोन सोपी लावा, लोकांची नजर तयार होऊ द्या, मोठं दिवाळीला.

यंदाच्या कोड्याचं म्हणाल तर तिसरं सूत्र मूळ रूपात देऊन ते पुन्हा फलकावर लावा, उत्तर लगेच जाहीर करू नका. चौकट भरलेल्या लोकांना नामदेव स्वतः शोधायची संधी त्यांच्या हक्काची आहे. आणि पुढच्या वर्षी प्रूफ तुमच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही, एवढं समितीकडून आत्ताच लेखी घ्या. नवी चौकट तयार झाली की उत्तर न सांगता इथे टाका. मी सोडवतो आणि कुठे अडलो ते घरांच्या क्रमांकासह कळवतो.