एक एचपीच्या मोटरला ड्राइव्ह लावताना

अरे, ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा, घेण्याआधी मोटरची नेमप्लेट पुसून नीट वाच. कुपवाडच्या गाळ्यात तुझ्याकडे सिंगल फेज आहे, म्हणजे ड्राइव्ह बाहेर थ्री फेज देईल, पण 230 व्होल्टच. डेल्टा आणि स्टार म्हणजे मोटरची वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती; प्लेटवर 230 डेल्टा, 415 स्टार असं असेल तर टर्मिनल बॉक्समधल्या पितळी पट्ट्या डेल्टात बदल. स्टारमध्येच ठेवलीस तर लोड आला की मोटर दम टाकते. ड्राइव्हची निवड मोटरचे अँपिअर बघून कर, नुसत्या एचपीवर जाऊ नकोस.

सप्लाय चुकूनही ड्राइव्हच्या यू-व्ही-डब्ल्यूला, म्हणजे मोटरकडे जाणाऱ्या टोकांना, जोडू नकोस. माझा पहिला ड्राइव्ह तसाच गेला, तो जळका वास अजून नाकात आहे. अर्थिंग पक्कं हवंच. शेजारी हळद दळतात ना? मग पॅनेलला फिल्टर लाव, ती पिवळी धूळ हीटसिंकमध्ये, म्हणजे ड्राइव्ह थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांत, घट्ट बसते. सप्लाय काढल्यावरही दहा मिनिटं झाकणाला हात लावू नकोस, कपॅसिटर भरलेले असतात.